मशीन दुकानात घ्या, पण आधी घरातलं कार्ड मोकळं करा

पत्राचा सारांश: दादरच्या बाजारात आमचं लहानसं दुकान आहे. परकर, रेडिमेड ब्लाउज, फॉल-बिडिंग आणि गेल्या काही वर्षांपासून शिवलेल्या नऊवारी. मी चोपन्न वर्षांची, दुकान मी आणि यजमान मिळून बघतो. यूपीआय घेतो, कार्ड घेत नाही. सणासुदीला गिऱ्हाईक कार्ड पुढे करतं, आम्ही एटीएम दाखवतो आणि बरेचदा ते परत फिरकत नाही. यजमान म्हणतात, दोन टक्के बँकेला कशाला द्यायचे आणि सगळा धंदा टॅक्सवाल्यांच्या नजरेत कशाला आणायचा? घ्यायचंच तर ते दोन टक्के गिऱ्हाइकाकडूनच घेऊ. मुलगा 28 वर्षांचा, खासगी नोकरीत. त्याच्या क्रेडिट कार्डावर 84,000 रुपये बाकी आहेत. पैसे दर महिन्याला वेळेवर जातात, तरी बाकी हलत नाही. तो म्हणतो, दुकानात मशीन आलं की माझंच कार्ड त्यावर घासून रोख काढू आणि त्यातून कार्डाचं बिल भरू. मला आता कार्ड म्हटलं की धडकी भरते. वाटतं, कात्रीने कापून टाकावं, माझी एक लाखाची एफडी मोडावी आणि सगळं फेडून मोकळं व्हावं. काय करू?

ताई,

तुम्ही पत्रासोबत स्टेटमेंटच्या झेरॉक्स जोडल्या, तेही कार्डाचा नंबर काळा करून, हे फार चांगलं केलंत. ते कागद नसते तर मीही मुलाला चार उपदेश करून मोकळी झाले असते.

दुकानात गिऱ्हाईक पुढे करतं ते कार्ड आणि मुलाच्या पाकिटातलं कार्ड, या दोन्हींची भीती तुमच्या मनात एकच झाली आहे. गिऱ्हाइकाच्या कार्डाने दुकानावर एक रुपयाचंही कर्ज चढत नाही. कर्ज त्याच्या बँकेने त्याला दिलेलं असतं, तुम्हाला विक्रीचे पैसे मिळतात. घरातल्या कार्डाचं दुखणं मात्र खरं आहे आणि ते तुम्हाला वाटतं त्याहून गंभीर आहे. म्हणून आधी तेच बघू.

“पैसे दर महिन्याला वेळेवर जातात” असं तुम्ही लिहिलंय. जातात, हे खरं. पण किती? स्टेटमेंटवर दोन आकडे असतात, एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. मुलाने खात्यातून आपोआप पैसे वळते व्हायची सोय लावली, तेव्हा किमान रकमेवर खूण केली असणार, कारण दर महिन्याला नेमकी तेवढीच रक्कम वळती झालेली दिसते. शेवटचं स्टेटमेंट घ्या. बाकी 84,000, व्याज महिना 3.5 टक्के म्हणजे 2,940 रुपये. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, 529 रुपये. झाले 3,469. मुलाने भरले 4,200. म्हणजे मूळ बाकीतून कमी झाले जेमतेम 731 रुपये. त्याच महिन्यात त्याने मोबाइलचं बिल आणि थोडा किराणा कार्डावर टाकला आणि बाकी होती तिथे परत आली.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. मागची बाकी पूर्ण फेडली नसेल तर नव्या खरेदीवर बिनव्याजी मुदत मिळत नाही, खरेदीच्या दिवसापासूनच व्याज सुरू होतं. तो किराणा वर्षाला 42 टक्के व्याजाने आलेला आहे. फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर फेड महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं लांबेल, हा इशारा स्टेटमेंटवर छापायलाच हवा अशी रिझर्व्ह बँकेची सक्ती आहे. तुमच्या झेरॉक्सवरही तो आहे, तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत.

30 टक्क्यांच्या वर व्याज लावता येत नाही ना, असंही तुम्ही विचारलंय. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये तसा निर्णय दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये तो रद्द केला. तेव्हा त्या मर्यादेवर भिस्त ठेवू नका.

आता ज्या जागी मी सगळ्यात जास्त वेळ थांबले, तिथे येते. स्टेटमेंटमध्ये एक मोठी रक्कम आहे, 46,000, एका हॉस्पिटलची. पत्राच्या शेवटी तुम्ही ओघात लिहून गेलात की यजमानांच्या हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळी डिपॉझिट मुलाने कार्डाने भरलं, विम्याचे पैसे नंतर यजमानांच्या खात्यात आले, पण तेव्हा दिवाळीचा माल भरायचा होता म्हणून ते त्यात गेले. मग ताई, हे सगळं कर्ज मुलाचं कसं? 84,000 पैकी निम्म्याहून जास्त दुकानाने वापरले. त्यावरचं व्याज मुलगा 32,000 पगारातून भरतोय आणि घरात उधळा म्हणून ऐकूनही घेतोय. त्याच्याही चुका आहेत. उरलेल्या 38,000 मध्ये फोन आहे, हॉटेलची बिलं आहेत. पण बापाला ऑपरेशनला न्यायच्या सकाळी त्याने कार्ड काढलं, ही उधळपट्टी नव्हती. घरात हे एकदा मोठ्याने बोललं गेलं पाहिजे आणि माझ्या मते ते यजमानांनी बोलावं. हिशेब त्यानंतर करा.

एफडीचं म्हणाल, तर मोडू नका. तीच बँक त्या एफडीवर ओव्हरड्राफ्ट देते, म्हणजे एफडी तारण ठेवून पैसे उचलायची सोय, साधारण 90 टक्क्यांपर्यंत, आणि त्याचा व्याजदर एफडीच्या दरापेक्षा एखाद-दोन टक्केच जास्त असतो. तो 9 टक्के धरा. 84,000 वर महिन्याचं व्याज होतं 630 रुपये. आज जातायत 3,469. ओव्हरड्राफ्ट काढून कार्ड एका दिवसात शून्यावर आणा. मग दुकानाने महिना 3,850 आणि मुलाने 3,200 त्या खात्यात भरायचे. वर्षभरात मुद्दल फिटेल आणि व्याजासाठी आणखी थोडं लागेल. दुकानाचा हप्ता रोजमेळीत खर्च म्हणून लिहा. घरातल्या घरात तोंडी ठरवलेले हप्ते गणपतीला चुकतात आणि दिवाळीत विसरले जातात.

पण ती एफडी तुमच्या एकटीच्या नावावर आहे आणि ती तारण ठेवायची की नाही, हे तुम्हीच ठरवायचं. नवरा आणि मुलगा दोघांनीही हप्ते लिहून द्यायला टाळाटाळ केली तर सरळ नाही म्हणा. मग दुसरा रस्ता असा की मुलाने कार्डाच्या बँकेला फोन करून 84,000 च्या बाकीचे हप्ते पाडून मागायचे. दर ओव्हरड्राफ्टपेक्षा जास्त पडेल, प्रोसेसिंग फी लागेल, हप्त्याच्या व्याजावर जीएसटी लागेल, तरीही 42 टक्क्यांपेक्षा कितीतरी बरं. मुदतीआधी फेडलं तर दंड आहे का, ते आधी विचारायचं. बांगड्या गहाण ठेवायचं मात्र या प्रकरणात आणू नका. इतक्या रकमेसाठी त्याची गरज नाही.

या वाचकांसारखीच अडचण असलेल्या, पण हप्ते थकून वसुलीचे फोन सुरू झालेल्या इतरांसाठी एक गोष्ट इथेच सांगते. “अमुक रक्कम एकरकमी भरा, बाकी सोडून देऊ” अशी सेटलमेंटची ऑफर ऐकून हुरळून जाऊ नका. कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या सिबिलच्या नोंदीत ते खातं ‘सेटल्ड’ असं दिसतं, पूर्ण फेडून बंद केलेलं असं दिसत नाही, आणि पुढे घराचं कर्ज मागायला गेलात की त्याची आठवण करून दिली जाते. जमत असेल तर हप्ते पाडून पूर्ण फेडा. आणि वसुलीवाल्यांनी सकाळी 8 च्या आधी किंवा संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

कात्रीबद्दल. कार्ड कापल्याने फक्त प्लास्टिक कापलं जातं. खातं चालू राहतं, वार्षिक फी लागत राहते, मोबाइलवरच्या ॲपची मासिक वर्गणी त्यावर कापली जात राहते. बंद करायचंच असेल तर सगळी बाकी फेडून लेखी किंवा ॲपवरून अर्ज करायचा. बाकी शून्य असेल तर बँकेने 7 कामकाजी दिवसांत कार्ड बंद केलंच पाहिजे. नाही केलं तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला 500 रुपये दंड बँकेने ग्राहकाला द्यायचा, हा नियम 2022 पासून आहे. पण मी बंद करा म्हणणार नाही. फिटेपर्यंत ते तुमच्या कपाटात राहू द्या आणि ॲपमधून त्याचे ऑनलाइन व्यवहार बंद करून ठेवायला सांगा. फिटल्यावर मुलाने एकच बदल करायचा, आपोआप वळती होणारी रक्कम ‘एकूण देय’ वर लावायची. पूर्ण बिल भरणाऱ्याला हेच कार्ड महिना-दीड महिना बिनव्याजी पैसे वापरू देतं. ज्या महिन्यात पूर्ण भरता येणार नाही असं वाटतं, त्या महिन्यात ते पाकिटातून काढायचंच नाही. आणि एटीएममधून त्यावर रोख तर कधीच काढायची नाही, कारण तिथे फीही लागते आणि व्याजही पहिल्या दिवसापासून.

आता मुलाच्या त्या युक्तीबद्दल, दुकानाच्या मशीनवर स्वतःचं कार्ड घासून रोख काढायची. ती साफ मोडून काढा. बाजारात असे व्यवहार चालतात, तीन टक्के कापून रोख हातात देणारे दुकानदार असतात, म्हणून त्याला त्यात काही वावगं वाटत नसेल. पण बघा काय होतं ते. माल न विकता कार्ड घासणं हे मशीन देणाऱ्या बँकेच्या करारात बसत नाही. पकडलं गेलं की मशीन जातं, दुकानाचं नाव काळ्या यादीत जातं आणि पुढे दुसरी बँकही दारात उभं करत नाही. 84,000 घासले तर दोन टक्के म्हणजे 1,680 आणि वर जीएसटी 302, म्हणजे एकदा फिरवायला जवळपास दोन हजार. कर्ज तेवढंच राहतं. शिवाय कधी न झालेली 84,000 ची विक्री दुकानाच्या नावावर चढते, जिचं बिलही तुमच्याकडे नसतं. यजमानांना टॅक्सची खरी काळजी असेल तर ती त्यांनी इथे करावी.

तर क्रम असा धरा, आधी कार्ड शून्यावर आणि मग मशीन. दोन्ही एकाच महिन्यात नको. मोह घरात बसलेला असताना मशीन घरात आणणं बरं नाही.

मशीन घ्यावं का? तुमच्या दुकानाला घ्यावं, असं माझं मत आहे. तुमची दोन तऱ्हेची विक्री आहे. परकर, फॉल, ब्लाउज ही दीड-दोनशे ते पाचशेची बिलं, ती यूपीआय आणि रोखीवरच चालणार, तिथे मशीनला काही काम नाही. शिवलेली नऊवारी मात्र चार-पाच हजारांची, लग्नाच्या घरचे एकदम तीन घेतात. विरारहून, बदलापूरहून गाडीची गर्दी सोसून आलेली बाई पसंती करून झाल्यावर कार्ड काढते आणि तुम्ही तिला एटीएमच्या रांगेकडे बोट दाखवता. वाटेत तिला दुसरं दुकान दिसतं. 5,000 च्या नऊवारीवर तुमचा नफा तुम्ही 25 टक्के लिहिलाय, म्हणजे 1,250. क्रेडिट कार्डावर दोन टक्के धरले तर 100 रुपये आणि त्यावर 18 जीएसटी, असे 118 गेले. 1,132 उरले. गिऱ्हाईक गेलं तर काहीच उरत नाही.

यजमानांना आणखी एक विचारा. तुम्हीच लिहिलंय की ओळखीच्या घरांची उधारी वहीवर असते आणि मागच्या लग्नसराईतले 11,000 अजून यायचेत. गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर तो सगळा तोटा दुकानाचा. कार्डाने विक्री झाली की पैसे बहुधा पुढच्या कामकाजाच्या दिवशी खात्यात जमा होतात आणि त्या गिऱ्हाइकाकडून वसूल करायची डोकेदुखी त्याच्या बँकेची. दोन टक्के डोळ्यांना दिसतात म्हणून टोचतात. वहीतले 11,000 कुणी टक्क्यांत मांडत नाही.

पण सगळ्याच कार्डांवर दोन टक्के नसतात, आणि इथेच छोट्या दुकानदाराची फसगत होते. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर 2020 पासून दुकानदाराला शुल्क शून्य आहे. इतर डेबिट कार्डांवर रिझर्व्ह बँकेने कमाल मर्यादा घातली आहे. वार्षिक उलाढाल 20 लाखांपर्यंत असेल तर 0.40 टक्के, त्यावर असेल तर 0.90 टक्के. क्रेडिट कार्डावर अशी मर्यादा नाही, तिथे साधारण दीड ते अडीच टक्क्यांच्या दरम्यान दर सांगतात आणि घासाघीस होते. मशीन विकायला येणारा पोरगा “सगळ्याला एकच रेट, मॅडम” म्हणाला की थांबायचं. डेबिटचा दर वेगळा, क्रेडिटचा वेगळा, महिन्याचं भाडं किती, कमी व्यवहार झाले तर दंड आहे का, हे चार आकडे कागदावर मागा.

मशीन घेण्याआधी एक स्वस्त पायरीही आहे. 2022 पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं आणि गिऱ्हाईक तुमचा क्यूआर स्कॅन करूनच क्रेडिट कार्डाने पैसे देऊ शकतं. छोट्या दुकानांना 2,000 रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहारावर शुल्क नाही. मात्र क्यूआर दुकानाच्या नावाचा, व्यापारी खात्याचा लागतो. तुम्ही लिहिलंय की गल्ल्यावर चिकटवलेला क्यूआर यजमानांच्या मोबाइल नंबरचा आहे. त्याच्यावर हे चालत नाही. तो बदलून घ्या, हे काम उद्याही होईल. व्हिसा आणि मास्टरकार्डाची क्रेडिट कार्डं यूपीआयवर चालत नाहीत, त्यांना मशीनच हवं.

गिऱ्हाइकाकडून दोन टक्के वरून घ्यायचा विचार सोडून द्या. डेबिट कार्डावर असं वेगळं शुल्क घेणं चालणार नाही, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच स्पष्ट केलंय, आणि क्रेडिट कार्डाबाबतही मशीनच्या करारात बहुधा हीच अट असते. गिऱ्हाइकाने बँकेकडे तक्रार केली तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. नऊवारीच्या किमती ठरवतानाच हा खर्च धरा, जसा दुकानाचा लाइटचा खर्च धरता.

टॅक्सच्या भीतीचं थोडक्यात. मालाच्या व्यापाराला जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला 40 लाखांची आहे, सेवांना 20 लाखांची. ती एकूण उलाढालीवर मोजली जाते, रोख धरून. म्हणजे रोख घेतल्याने मर्यादा वाढत नाही. 2025 च्या जुलैमध्ये बेंगळुरूच्या छोट्या व्यापाऱ्यांना यूपीआयच्या जमा रकमांवरून नोटिसा गेल्या, म्हणजे क्यूआर लावलेल्या दुकानाचा धंदा आजही दिसतोच. उलट ठोक टक्क्याने नफा धरून आयकर भरायची जी सोय छोट्या व्यापाऱ्यांना आहे, तिच्यात रोख विक्रीवर किमान 8 टक्के नफा धरतात आणि कार्ड, यूपीआय, बँकेतून आलेल्या विक्रीवर 6 टक्के. दहा लाखांच्या विक्रीवर 80,000 ऐवजी 60,000. तुमच्याकडे शिलाईही आहे, तेव्हा माल आणि सेवा कशी धरायची हे तुमच्या सीएला एकदा विचारून घ्या.

तुमच्या धंद्यात एका ठिकाणी मात्र जपावं लागेल. नऊवारी मापावर शिवायची म्हणून तुम्ही आगाऊ पैसे घेता आणि साडी आठ-दहा दिवसांनी देता. कार्डाने आगाऊ दिलेल्या पैशांवर गिऱ्हाईक नंतर बँकेला कळवू शकतं की माल मिळालाच नाही किंवा सांगितल्यासारखा नाही. मग बँक तुमच्याकडून पुरावा मागते, आणि तो नसेल तर रक्कम परत जाते. त्यासाठी मापाच्या वहीतच गिऱ्हाइकाचं नाव, तारीख आणि देणं ठरलेला दिवस लिहा, साडी नेताना तिथेच सही घ्या आणि मशीनची स्लिप त्या पानाला टाचणीने लावा. वर्ष-दीड वर्ष ती पानं फेकू नका. स्लिपची शाई उन्हाने उडते, म्हणून मोबाइलमध्ये फोटोही काढून ठेवा.

कार्ड गिऱ्हाइकाच्या हातातच राहू द्या, टॅप त्यालाच करू द्या. 5,000 पर्यंत टॅपला पिन लागत नाही. त्यावर पिन लागला की तोंड फिरवून उभं राहायची सवय दुकानातल्या मुलीलाही लावा.

मुलाला आणि सगळ्याच कार्डधारकांना सांगायचं ते हे. “तुमची लिमिट वाढवतो, ओटीपी सांगा” असा फोन बँक करत नाही. आपण न केलेला व्यवहार दिसला तर लगेच कार्ड बंद करून बँकेला कळवायचं आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायची. आपली चूक नसेल आणि बँकेकडून सूचना आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवलं असेल, तर नुकसान ग्राहकावर पडत नाही. ओटीपी स्वतःच सांगितला असेल तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. बँकेने 30 दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते.

येत्या सुट्टीच्या दिवशी तिघं बसा. ती स्टेटमेंटं समोर ठेवा आणि 46,000 आणि 38,000 असे दोन रकाने पाडा. सोमवारी तुम्ही एफडी असलेल्या शाखेत जाऊन ओव्हरड्राफ्टचा दर विचारून या, सही त्या दिवशी नको. मशीनचा अर्ज कार्डाची बाकी शून्य दाखवणारं स्टेटमेंट हातात आल्यावरच भरा, दुकानाच्या चालू खात्यावर. दर ठरताना तो पोरगा फॉर्मवर पेनाने आकडा लिहून देईल, त्याच्या शेजारी त्याची सही आणि तारीख घ्या आणि पहिल्या महिन्याच्या खातेउताऱ्यात कापलेली रक्कम त्या आकड्याशी ताडून बघा.